टेंपलसाहेबांचा पौंड आणि माझ्या मोबाईलमधली लाल रेघ

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं म्हणून इथे आलेल्यांचंही स्वागत. नेहमीसारखाच हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते आणि मागे आरवणारा शेजारचा कोंबडा, एवढं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून करतो. रत्नागिरीत, गेल्या गणपतीत.

नैवेद्य दाखवून झाला होता. पंगत बसली होती. आजीने माझ्या पानात मोदक वाढला आणि वरून तुपाची धार सोडली. मी काय करावं? उठलो, ओट्यावरचा छोटा डिजिटल काटा आणला आणि मोदक त्यावर ठेवला. वर वैतागलोही, कारण तूप घालायच्या आधी वजन करायचं राहून गेलं होतं. आजी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सोनारकाम कधीपासून सुरू केलंस रे?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मी मोबाईलमध्ये ‘उकडीचा मोदक’ शोधत होतो. चार वेगवेगळे आकडे आले. एकात १२०, एकात २०० च्या वर. मी सगळ्यात मोठा आकडा घेतला, म्हटलं सेफ साइड. एक मोदक खाल्ला, दुसऱ्याला नको म्हटलं, आणि भात सोडला.

ही झाली दुपार. आता रात्र ऐका. साधारण एक वाजता मी उठलो, फ्रिज उघडला आणि उभ्या उभ्या, गार झालेले सात मोदक खाल्ले. चव आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फ्रिजचा दिवा चालू होता आणि आजीच्या खोलीचा दरवाजा उघडतोय का, याकडे माझे कान लागले होते. ते सात मोदक मी अ‍ॅपमध्ये टाकले नाहीत. २१४ दिवसांची स्ट्रीक होती ना!

आपल्याकडे म्हण आहे, एकादशी दुप्पट खाशी. गमतीने म्हणतो आपण. त्या रात्री मला ती गंमत वाटली नाही. घरच्या देवाचा प्रसाद मी घरातच चोरून खाल्ला होता. कोणाला चुकवून? मोबाईलला?

मग मी इतिहासवाला माणूस जे करतो ते केलं. मला रोज सांगणारा हा आकडा, हे ‘१५००’, आलं कुठून, हे शोधायला लागलो. अ‍ॅपने मला हाच आकडा दिला होता. १५०० च्या खाली राहिलो की हिरवं, वर गेलो की लाल. शोधता शोधता मी पोचलो थेट १८७७ सालात, आणि तेही आपल्या मुंबई इलाख्यात.

एक पौंड धान्य

१८७६ ते ७८. दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ. आपल्या घाटावर, सोलापूर, सातारा, पुणे, नगर या भागांत पाऊस नाही, पीक नाही, गुरं मेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते आणि तलाव बांधायचे आणि त्याबदल्यात मजुरी घ्यायची.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी एक अधिकारी पाठवला, सर रिचर्ड टेंपल. या टेंपलसाहेबांची आधीची गोष्ट मजेशीर आहे. १८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हेच होते. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, लोकांना खायला घातलं आणि फारच थोडी माणसं दगावली. आपण म्हणू, शाबास! पण साहेबांवर टीका झाली. कशाबद्दल? पैसे फार खर्च केले म्हणून.

त्यामुळे १८७७ मध्ये ते आले ते हात आखडता घेऊनच. जानेवारीत त्यांनी मजुरी कमी केली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा, बाई आणि काम करणारी पोरं यांना त्याहून कमी. इतिहासात याला ‘टेंपल वेज’ म्हणतात.

एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. ज्वारी असो की तांदूळ, कोरड्या धान्यात १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे कॅलरी असतात. करा गुणाकार. होतात जेमतेम सोळाशे.

माझा आकडा होता १५००.

थांबा, लगेच ‘मी दुष्काळग्रस्त’ असं म्हणत नाही. तो माणूस दिवसभर उन्हात दगड फोडत होता आणि मी खुर्चीत बसून लॅपटॉप बडवत होतो. त्याच्याकडे दुसरं अन्न नव्हतं, माझ्यासमोर मोदकांचं ताट होतं. दोन्हींची तुलना करणं हा त्याचा अपमान होईल. पण आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला, हे खरं.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी टेंपलना विरोध केला. एवढ्या धान्यावर कष्टकरी माणूस जगू शकत नाही, शिवाय नुसतं धान्य पुरत नाही, त्यासोबत डाळ आणि भाजीपाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी काय केलं? हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा संप! पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने दुष्काळी भागांतून माहिती गोळा केली आणि सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. टेंपल यांनी तो पौंड काढला तो माणसाचं शरीर बघून नाही, तिजोरी बघून. म्हणजे ताटावर लागलेला प्रत्येक आकडा अन्नाबद्दलच असतो असं नाही.

कॅलरी ताटात कशी आली

टेंपलसाहेब पौंडात मोजत होते, कारण अन्न कॅलरीत मोजायची पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती. ती रुळली अमेरिकेत, विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञामुळे. १८९० च्या दशकात त्यांनी माणूस आत राहू शकेल अशी एक खोली बनवली. आत माणूस खातोय, झोपतोय, सायकल मारतोय, आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते ते बाहेर मोजलं जातंय. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी, चरबी ग्रॅमला ९, हे जे आकडे आपण पाकिटाच्या मागे बघतो ते अ‍ॅटवॉटरच्या कामातूनच आलेत.

आता गंमत बघा. अ‍ॅटवॉटरना लोकांना बारीक करायचं नव्हतं. कामगाराला कमी पैशात जास्तीत जास्त ताकद देणारं अन्न कोणतं, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे कॅलरी जितकी जास्त आणि स्वस्त, तितकं चांगलं!

हा अर्थ उलटा झाला १९१८ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या एक डॉक्टर, लुलू हंट पीटर्स. त्यांनी एक पुस्तक लिहिलं, प्रचंड खपलं. त्यांचं सांगणं असं, की आता पावाचा एक तुकडा असं म्हणायचंच नाही, १०० कॅलरी पाव असं म्हणायचं. आणि वजन उतरवायला दिवसाला १२०० कॅलरी. पहिलं महायुद्ध चालू होतं, जगात अन्नटंचाई होती. त्यामुळे अंगावर चरबी बाळगणं म्हणजे जणू साठेबाजी, असा सूर त्यांनी लावला. जाडी हा नुसता आरोग्याचा प्रश्न राहिला नाही, चारित्र्याचा झाला.

पाव गेला आणि १०० कॅलरी आल्या. मला वाटतं माझ्या मोदकाचं जे झालं, त्याची सुरुवात इथे आहे.

गिरणीतला माणूस आणि तुरुंगातला माणूस

आता परत आपल्या माणसांकडे येऊ.

रत्नागिरीकरांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. इथल्या वाडीवाडीतून, घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत असायचा. मुंबईच्या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. माझे पणजोबा त्यातलेच. लालबागला एका खोलीत दहा-बारा जण, जेवण खानावळीत, आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर. आमच्या घराचा चिरेबंदी चौथरा त्या मनीऑर्डरीतून उभा राहिलाय.

ही माणसं खात काय होती? १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने हे मोजलं. फिंडले शिरास नावाचे अधिकारी. सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले, एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे वेगळे. १९२३ मध्ये अहवाल आला. त्यात एक निष्कर्ष असा, की मुंबईचा कामगार जेवढं धान्य खातो ते दुष्काळी नियमावलीत ठरवलेल्या कमाल प्रमाणाएवढंच आहे, पण मुंबईच्या जेल मॅन्युअलमध्ये कैद्यासाठी जो आहार लिहिलाय, त्यापेक्षा कमी आहे.

परत ऐका. जगातल्या मोठ्या कापड शहरांपैकी एक असलेल्या मुंबईत पूर्ण पाळी भरणारा माणूस कैद्यापेक्षा कमी खात होता.

हा अहवाल वाचला तेव्हा मला पणजोबांचा फोटो आठवला. गालफडं बसलेली, गळ्यात मफलर. घरात कायम सांगतात, काटक होते हो, शेलाटे. आजच्या भाषेत ‘लीन’. आता मला कळतं की ती काटक तब्येत कदाचित गावी पाठवलेल्या मनीऑर्डरीची पावती होती.

पण बघा, इथे आकड्याने काय केलं? लाज आणली, पण ती पणजोबांना नाही. सरकारला आणि गिरणीमालकांना आणली. कामगार संघटना वेतनवाढ मागायला लागल्या तेव्हा त्यांच्या हातात असले आकडे होते. मोजणी एकच. पण ती कोणाकडे बोट दाखवते, त्यावर सगळं अवलंबून असतं.

छत्तीस जण आणि पाककृतींची पुस्तकं

आता मनाबद्दल बोलू, कारण माझा खरा प्रश्न तो होता. मी असा का झालो? मला अन्नाशिवाय दुसरं काही सुचत का नव्हतं?

याचं उत्तर पुन्हा अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, १९४४-४५. दुसरं महायुद्ध संपत आलेलं. युरोपात लाखो लोक उपाशी, त्यांना परत खायला कसं घालायचं हे शोधायचं होतं. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण घेतले. सगळे युद्धाला नैतिक विरोध करणारे, स्वतःहून आलेले, धडधाकट. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. दिवसाला किती? सरासरी साधारण १५७० कॅलरी.

मी हा आकडा दोनदा तपासला.

ही मुलं मैलोन्‌मैल चालतही होती, त्यामुळे इथेही थेट तुलना नको. पण त्यांच्या मनाचं काय झालं ते ऐका. त्यांना दिवसरात्र अन्नच दिसायला लागलं. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, रात्री झोपताना ती वाचायचे. जेवण तासभर पुरवून खायचे, ताटं चाटायचे. चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. काहींनी गुपचूप बाहेर खाल्लं आणि नंतर अपराधी वाटून घेतलं. आणि पोटभर अन्न परत मिळायला लागल्यावरही कितीतरी दिवस त्यांची भूक भागेना.

ऑफिसच्या वेळेत मी यूट्यूबवर लोक खाताना बघत बसायचो. तासन्‌तास. मला वाटायचं माझ्यात मनोनिग्रह नाही. इथे ३६ सज्जन, तत्त्वनिष्ठ मुलांचं तेच झालं होतं. युद्धाला नाही म्हणण्याइतका त्यांचा मनोनिग्रह होता! त्यांच्या स्वभावात खोट नव्हती. शरीर त्याचं काम करत होतं. अन्न कमी पडलं की ते मनाला सांगतं, बाकी सगळं सोड आणि अन्न शोध.

पुण्यातलं भांडण

आणि आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. दोन मराठी माणसं, दोघंही सातारा जिल्ह्यातली, दोघंही पुण्यात, आणि भांडण कॅलरीवरून.

पहिले, वि. म. दांडेकर. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. १९७१ मध्ये त्यांनी नीळकंठ रथ यांच्यासोबत भारतातल्या दारिद्र्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. देशात गरीब किती, हे मोजायचं कसं? त्यांनी म्हटलं, माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. १९६०-६१ च्या किमतीत हा खर्च खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. आणि उत्तर आलं, की खेड्यातली साधारण ४० टक्के आणि शहरातली साधारण ५० टक्के माणसं या रेघेच्या खाली आहेत. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या. आपण ‘दारिद्र्यरेषा’ म्हणतो ती बराच काळ अशी कॅलरीला बांधलेली होती.

दुसरे, पां. वा. सुखात्मे. जन्म साताऱ्यातल्या बुध गावचा. जगप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, रोममध्ये, संख्याशास्त्र विभागाचे कित्येक वर्षं संचालक. निवृत्त होऊन पुण्यात आले आणि म्हणाले, हे चुकतंय.

काय चुकतंय? सुखात्म्यांचं म्हणणं असं, की २२५० ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे कोणा एका माणसाची गरज नव्हे. आणि त्याहून पुढची गोष्ट, एकाच माणसाची गरजसुद्धा रोज सारखी नसते. आज कमी, उद्या जास्त. आज खाल्लेलं आणि आज खर्चलेलं त्याच दिवशी जुळत नाही. शरीर एका पट्ट्यात वरखाली होत स्वतःला सांभाळून घेतं. त्यामुळे सरासरीच्या खाली दिसला तो उपाशी, असं म्हणता येणार नाही.

रत्नागिरीच्या भाषेत सांगतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दिवसाची सरासरी काढली तर आठ-नऊ मिलिमीटर. मग काय मार्चमध्ये छत्री घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर फिरणार? आणि जुलैत एका दिवसात दोनशे मिलिमीटर पडला, तर पावसाने ‘लिमिट ओलांडली’ म्हणून त्याला लाल रंग देणार?

माझं अ‍ॅप नेमकं हेच करत होतं. रात्री बाराला हिशोब बंद, सकाळी नवा. शरीराला असली रोजकीर्द माहीतच नाही.

पण थांबा, दांडेकर गप्प बसले नाहीत. त्यांची काळजी वेगळी होती. शरीर सांभाळून घेतं असं एकदा म्हटलं, की सरकार म्हणणार, चला, गरिबांचं कमी अन्नात भागतंय! भुकेल्यांची संख्या कागदावर कमी होणार आणि पोटं तशीच राहणार. वाद रंगला, आकडेवारीचे पानंच्या पानं लेख लिहिले गेले. सी. गोपालन यांच्यासारखे आहारशास्त्रज्ञही सुखात्म्यांच्या विरोधात उतरले. त्यांचा मुद्दा असा, की कमी अन्नावर शरीर जुळवून घेतं तेव्हा ते काहीतरी गमावून जुळवून घेतं. उंची, काम, खेळ, उत्साह.

मला विचाराल तर माझ्यासारख्यासाठी दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. सुखात्मे सांगतात, एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नकोस. दांडेकर आणि गोपालन सांगतात, रोज रोज कमी खात राहिलास आणि ‘सवय झाली’ म्हणालास, तर ती सवय फुकट मिळालेली नाही.

आणि या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. या पुण्यातल्या भांडणात कॅलरीची रेघ ही जमीन होती. माणूस याच्या खाली जाऊ नये म्हणून आखलेली रेघ. माझ्या मोबाईलमध्ये तीच रेघ छत झाली होती. याच्या वर जायचं नाही! मजुरांनी खाली ढकलू नका म्हणून संप केला, पणजोबा जिच्या वर कधी आरामात पोचले नाहीत, तिच्या खाली राहिलो की मी स्वतःला शाबासकी देत होतो. हिरवी टिकमार्क, वर कागदी फुलांचा पाऊस.

मग मोजूच नये का?

असं मी म्हणत नाहीये, बरं का. ज्यांना डायबिटीस आहे, किडनीचा त्रास आहे, किंवा डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना मोजण्याचा उपयोग होतो. आपण काय खातोय याचा अंदाज येण्यासाठी काही दिवस लिहून ठेवण्यानेही अनेकांना फायदा होतो. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग झाला. ज्यांना आधीपासून खाण्याच्या आजाराचा धोका नव्हता, त्यांना महिनाभर अ‍ॅपमध्ये नोंदी करून अपाय झालेला दिसला नाही. पण ज्यांना असे आजार झालेत, त्यांच्यातल्या अनेकांनी दुसऱ्या एका अभ्यासात सांगितलं, की अ‍ॅपने आमच्या आजाराला हातभार लावला. म्हणजे एकाला जी काठी आधाराची, ती दुसऱ्याच्या पाठीत बसते.

कळणार कसं, की आपण कुठल्या बाजूला आहोत? मी माझ्यापुरते प्रश्न काढलेत. मोजता येणार नाही म्हणून मी कोणाच्या घरी जेवायला जायचं टाळतो का? भूक लागली आहे की नाही, हे मी पोटाला विचारतो की मोबाईलला? मी खाणं लपवतो का? जेवताना समोरचा माणूस काय बोलतोय, ते मला ऐकू येतं का?

गेल्या वर्षी माझी चारही उत्तरं वाईट होती. मित्राच्या साखरपुड्याला मी पोट बिघडलंय म्हणून गेलो नाही. खरं कारण बुफे. त्याला ते अजून माहीत नाही. म्हणजे, आता हा भाग ऐकला तर कळेल. सॉरी रे.

तुमची उत्तरं माझ्यासारखी असतील तर एकट्याने इतिहासाची पुस्तकं वाचत बसू नका. मी शेवटी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पुढे समुपदेशकाकडे पाठवलं. त्याचा उपयोग झाला. कोणाशी बोलायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

काटा आता कुठे आहे

आजीची गोष्ट सांगून थांबतो.

मी हे सगळं वाचून झाल्यावर तिला विचारलं, आजी, तू कधी मोजून खाल्लंस का गं? मला वाटलं म्हणेल, छे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ती म्हणाली, "मोजून नाही तर काय! सात माणसांत एवढीशी आमटी. माझ्या वाट्याला काय उरेल, ते मला चूल पेटवायच्या आधी ठाऊक असायचं."

म्हणजे तीही मोजत होतीच. फक्त ती दुसऱ्यांना पुरेल का ते मोजत होती आणि स्वतःचं शेवटी धरत होती. तेही बरोबर नव्हतं, हे तीच पुढे म्हणाली. "म्हणून तर तुला आग्रह करते," म्हणे.

मी तो आग्रह वर्षभर ‘टॉक्सिक’ म्हणत होतो.

अ‍ॅप मी काढून टाकलं. स्ट्रीक गेली त्या दिवशी हात थरथरले, खोटं कशाला सांगू. अजूनही ताट बघितलं की डोक्यात आकडे सुरू होतात. कुळथाचं पिठलं इतके, भात इतके, नारळ घातलाय म्हणजे अजून इतके. ते आपोआप थांबत नाहीत. पण आता आकडा आला की मी त्याला विचारतो, बाबा रे, तुला कोणी काढलं, कोणासाठी, आणि तू जमीन आहेस की छत? बहुतेक वेळा त्याच्याकडे उत्तर नसतं. तोवर आमटी पुढे येते.

आणि तो डिजिटल काटा? तो आजीने घेतला. मे महिन्यात आमच्याकडे आंबापोळीच्या ऑर्डरी असतात, पाव किलोची पाकिटं भरायला तिला तो फार आवडलाय. प्रत्येक पाकिटात दहा-पंधरा ग्रॅम जास्तच घालते. मी म्हटलं, आजी, काट्यावर २५० झाले की थांबायचं असतं. तर म्हणे, "त्याला काय कळतंय!"

चला मंडळी, आज इथेच थांबू. तुमच्या घरात कोणी गिरणीत होतं का? ते काय खायचे, खानावळीच्या काय गोष्टी सांगायचे? मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. आणि जेवायची वेळ झाली असेल तर हेडफोन काढा, जेवून घ्या.

भेटू पुढच्या भागात.